तयार गेमिंग संगणकाचे तापणे : निदान व उपाय

रावेतसारख्या बांधकामांच्या परिसरात धूळ व उन्हाळा यांमुळे तयार गेमिंग संगणक लवकर तापतो. प्रोसेसर साधारणतः 95 ते 100 अंश सेल्सिअसला पोहोचताच स्वतःचा वेग घटवितो; खेळ अडखळतो तो त्यामुळे. अशा वेळी द्रवशीतनाचा खर्चिक उपाय सुचविला जातो. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ (2019) या महासंगणकास ते शोभते. घरगुती यंत्राचे प्रथम निदान करावे. संगणक बंद करून बाजूचे झाकण काढावे व तोच खेळ पुन्हा चालवावा. तापमान बरेच उतरल्यास दोष हवेच्या मार्गात, म्हणजे बंदिस्त दर्शनी काच, तुंबलेली जाळी किंवा उलटा बसविलेला पंखा यांत असतो. न उतरल्यास हीटसिंकची बैठक व थर्मल पेस्ट तपासावी; मात्र तत्पूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. ब्लोअरने धूळ उडविताना पंख्याची पाती धरून ठेवावीत.