'डिग अप' : उकरणे, उपसणे की उजेडात आणणे?



मराठी माध्यमातून शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना इंग्रजीतील सुट्या शब्दाची फारशी भीती वाटत नाही. शब्दकोश उघडला की अर्थ सापडतो. खरी अडचण येते ती जोडक्रियापदांची. 'डिग' म्हणजे खणणे आणि 'अप' म्हणजे वर, हे ठाऊक असूनही 'डिग अप' असे दोन शब्द एकत्र आले की वाक्याचा अर्थ हातून निसटतो. म्हणून या एकाच क्रियापदाचा विचार आम्ही येथे थोडा विस्ताराने करीत आहोत.

पहिला अर्थ सरळ आहे. जमिनीत असलेली वस्तू खणून वर काढणे म्हणजे 'डिग अप'. शेतकरी हळद खणतो, झाड मुळासकट उपटतो, तेथे हेच क्रियापद येते. नळाची पाइपलाइन टाकण्यासाठी रस्ता खोदून ठेवला, तर 'दे डग अप द रोड' असे म्हणतात. भूतकाळी रूप 'डग' आहे, 'डिग्ड' असे रूप नाही. दुसरा नियमही लक्षात ठेवावा. कर्म नाम असेल तर ते 'अप'च्या आधी किंवा नंतर कुठेही चालते, पण 'इट', 'देम' यांसारखे सर्वनाम असेल तर ते मध्येच बसते. 'डिग इट अप' बरोबर, 'डिग अप इट' चूक. परीक्षेत गुण जातात ते येथेच.

दुसरा अर्थ आपल्या घराघरातला आहे. दडून राहिलेली माहिती कष्टाने शोधून काढणे, हाही 'डिग अप'च. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्राची पडताळणी करताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग आजोबा-पणजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये किंवा जुन्या कोतवाल बुकात शोधावे लागते. नोंद हाती लागली की 'वुई डग अप द ओल्ड रेकॉर्ड' असे म्हणता येते. या वाक्यात नोंद नव्याने तयार केल्याचा भाव नाही. ती होतीच, फक्त कागदांच्या ढिगाखाली गाडली गेली होती.

तिसरा अर्थ जपून वापरण्याचा आहे. 'जुनी भांडणे उकरून काढू नका' असे आपली वडीलधारी माणसे सांगतात. इंग्रजीतही 'डिग अप द पास्ट' म्हणजे झाले-गेले मुद्दाम उकरणे. याच भावासाठी 'रेक अप' हेही क्रियापद आहे, आणि त्यात टीकेचा सूर नेहमीच असतो.

आता समानार्थी शब्द पाहू. 'अनअर्थ' याचा उच्चार आपल्या 'अनर्थ'च्या जवळ जातो, अर्थ मात्र दडलेले उजेडात आणणे असा आहे. 'अनकव्हर' म्हणजे झाकलेले उघड करणे. 'डिग आउट' म्हणजे ढिगातून, पेटीतून किंवा कपाटातून शोधून बाहेर काढणे. 'एक्सह्यूम' हा शब्द पुरलेले प्रेत बाहेर काढण्यासाठीच राखलेला आहे. 'एक्सकॅव्हेट' म्हणजे पद्धतशीर उत्खनन. हे शब्द एकमेकांच्या जागी डोळे मिटून वापरता येत नाहीत.

सारनाथचा इतिहास हा फरक स्पष्ट करतो. १७९४ साली बनारसच्या जगतसिंग यांच्या माणसांनी तेथील धर्मराजिक स्तूप विटांसाठी खोदून काढला. आत अस्थींचा करंडक सापडला आणि त्या अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. हे नुसते 'डिग अप' झाले. पुढे १९०४-०५ मध्ये ओर्टेल यांनी त्याच परिसरात उत्खनन केले. त्यात अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष मिळाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी ते भारताचे राजचिन्ह झाले. हे 'एक्सकॅव्हेट'. जमीन तीच होती, पण एकाने विटा नेल्या आणि दुसऱ्याने इतिहास वर आणला.

आपल्या मौद्यापासून फार दूर जाण्याचीही गरज नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी पवनी आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या या कामातून प्राचीन स्तूपाचे अवशेष व ब्राह्मी लेख कोरलेले दगडी स्तंभ उजेडात आले. लोक ज्या मातीवरून रोज ये-जा करीत होते, तिच्याच पोटात बौद्ध विदर्भाचा पुरावा होता. उत्खनन करणारा प्रत्येक थर मोजतो, कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली ते लिहून ठेवतो. नोंद ठेवली नाही तर वस्तू हाती येते, पण तिचा काळ हातचा जातो.

तेव्हा 'डिग अप' समोर आले की दोन प्रश्न विचारावेत. काय गाडले गेले होते? आणि ते कशासाठी वर काढले जात आहे? भांडणासाठी असेल तर मराठीत 'उकरणे' लिहावे, पिकासाठी असेल तर 'खणणे', पुराव्यासाठी असेल तर 'शोधून काढणे' आणि इतिहासासाठी असेल तर 'उजेडात आणणे'. घरातील आजी-आजोबांच्या कागदांची पेटी या सुट्टीत जरूर उघडून पाहा. क्रियापदाचा सराव तर होईलच, शिवाय उद्या लागणारा एखादा कागद आजच हाती लागेल.