केबल १०० एमबीपीएसची, मग डेटा ५ केबीने का जातो?

फोनमध्ये ५जी, रेंज फुल, स्पीड टेस्टमध्ये आकडा झकास, तरी पाचशे फोटो क्लाउडवर चढवायला अर्धा तास. असं तुमच्या बाबतीत झालंय ना? नोकरीत मी याच प्रश्नात दोन आठवडे अडकलो होतो. फक्त माझ्यासमोर फोनऐवजी एक छोटा डीएसपी बोर्ड होता.

डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग. आवाज, कंपन असे सिग्नल आकड्यांत बदलायचे आणि त्यावर गणित करायचं. कॉलवर बोलताना मागचा गोंगाट कमी करण्याचं काम तुमच्या फोनमध्येही असंच होतं.

काम काय होतं?

एका कारखान्यातल्या मोटरवर ४ सेन्सर लावले होते. बेअरिंग खराब व्हायला लागलं की कंपनात ठरावीक अंतराने बारीक ठोके उमटतात. ते पकडायचे होते. प्रत्येक सेन्सर सेकंदाला २ लाख सॅम्पल देणार, एक सॅम्पल २ बाइटचं. म्हणजे ४ × २,००,००० × २ = सेकंदाला १६ लाख बाइट, साधारण १.६ एमबी.

बोर्डाला १०० एमबीपीएसचा इथरनेट पोर्ट होता. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० ला ८ ने भागा: सेकंदाला १२.५ एमबी. गरजेच्या सातपटीहून जास्त. मी निवांत होतो.

प्रत्यक्षात लॅपटॉपवर किती पोचत होतं? सेकंदाला ५ केबी!

आणि इथे 'बफरिंग' करून भागत नाही. सेन्सर कुणासाठी थांबत नाही. बोर्डाची मेमरी भरली की नवीन सॅम्पल सरळ फेकली जातात. मधले ठोके गेले तर खराब बेअरिंग चांगलं दिसणार. आणि तुटलेले तुकडे जोडून गणित केलं तर जी कंपनं मोटरमध्ये नाहीतच, ती आलेखात दिसणार.

पॅकेट थांबत कुठे होतं?

आधी मी केबल बदलली, मग स्विच बदलला. काही फरक नाही. शेवटी वायरशार्क लावलं. हे सॉफ्टवेअर नेटवर्कवरून जाणारं प्रत्येक पॅकेट वेळेसकट दाखवतं. बघतो तर काय, प्रत्येक ब्लॉकमध्ये जवळजवळ २०० मिलिसेकंदांची शांतता. सेकंदाला बरोबर ५ ब्लॉक, प्रत्येक १ केबीचा. केबल तर बहुतेक वेळ रिकामीच होती!

माझा कोड असा होता: आधी १६ बाइटचं हेडर पाठव, मग १०२४ बाइट डेटा पाठव, मग लॅपटॉपच्या 'ओके'ची वाट बघ. दिसायला निरागस. पण खाली टीसीपीमध्ये दोन जुन्या युक्त्या काम करत असतात.

पहिली जॉन नेगल यांची, १९८४ सालची. तेव्हा कीबोर्डचं एक अक्षर पाठवायला १ बाइट डेटा आणि त्यावर ४० बाइटची हेडरं जायची. म्हणून त्यांनी नियम सुचवला: आधीच्या डेटाची पोच यायची असेल तर पुढचा लहान तुकडा रोखून धरा.

दुसरी युक्ती घेणाऱ्याच्या बाजूची: पोच लगेच पाठवू नका, थोडं थांबा. कदाचित उत्तर जाणारच असेल, तर पोच त्याच्याच सोबत जाईल. माझ्या लॅपटॉपवर हे थांबणं २०० मिलिसेकंदांपर्यंत होतं.

आता दोन्ही एकत्र बघा. हेडर गेलं. बोर्ड म्हणतो, "पोच आल्याशिवाय डेटा देणार नाही." लॅपटॉप म्हणतो, "पूर्ण ब्लॉक आला की 'ओके'सोबतच पोच देईन." दोघंही शहाणे, आणि काम ठप्प. लॅपटॉपचा धीर सुटून पोच निघाली की मगच गाडी पुढे.

काय काय बदललं?

१. हेडर आणि डेटा एकत्र. दोन्ही एकाच बफरमध्ये ठेवून एकदाच पाठवले. नेगलचा नियम 'टीसीपी नोडिले' या सेटिंगने बंदही करता येतो, पण मग दर ब्लॉकला दोन पॅकेट जातात. एकत्र पाठवणंच बरं. आता एका फेरीला २ मिलिसेकंद लागू लागले, म्हणजे सेकंदाला ५०० ब्लॉक, सुमारे ५०० केबी. शंभरपट वाढ, तरी कमीच.

२. 'ओके' काढून टाकला. डेटा क्रमाने पोचवण्याचं आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याचं काम टीसीपी स्वतःच करतं. माझा 'ओके' म्हणजे टेम्पोने एक पिशवी पोचवायची आणि पोचल्याचा फोन आल्यावरच दुसरी खेप करायची. त्याऐवजी प्रत्येक ब्लॉकला क्रमांक दिला. बोर्डाने काही फेकलं तर क्रमांक तुटतो आणि लगेच कळतं.

३. पाठवण्याचा बफर ८ केबीवरून ६४ केबी. पोच येईपर्यंत पाठवलेला डेटा बोर्डाला जपून ठेवावा लागतो. जागा कमी असेल तर पुन्हा थांबणं आलंच.

४. मोठे ब्लॉक. १ केबीचे ब्लॉक असताना सेकंदाला १,५६२ वेळा पाठवावं लागलं असतं. १६ केबीचे केल्यावर ९८ वेळा पुरतं. प्रोसेसरची दमछाक कमी झाली. सोबत दोन बफर ठेवले: एकात डीएमए सॅम्पल भरतो, तोवर दुसरा नेटवर्कवर जातो.

त्या रात्री बोर्ड चालू ठेवून घरी गेलो. सकाळी क्रमांक तपासले, एकही तुटला नव्हता. केबल तीच, बोर्डही तोच.

तुमच्या फोनचं काय?

स्पीड टेस्टमधला एमबीपीएसचा आकडा रस्ता किती रुंद आहे ते सांगतो. खाली 'पिंग' मिलिसेकंदांत दिसतो, तो एका फेरीला किती वेळ लागतो ते सांगतो. गेममध्ये लॅग येतो तेव्हा बहुधा पिंगकडे बघायचं असतं. आणि हजार छोट्या फाइल पाठवायच्या असतील तर त्यांची एक झिप करून बघा. फाइलगणिक होणारी विचारपूस वाचते.

पुढच्या वेळी नेट स्लो वाटलं तर लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. आधी बघा, रस्ता अरुंद आहे की गाडी उगाच थांबतेय?