पावत्या तीन, विमा एकच

नगर अर्बन बँक १९१० सालची. अनेकांची खाती आजोबांपासूनची. ६ डिसेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खात्यात कितीही रक्कम असली तरी हाती पडणार होते फक्त १०,००० रुपये. ४ ऑक्टोबर २०२३ ला परवानाही गेला. जुनी बँक बुडत नसते, हा समज तिथेच संपला. बाकीचे समज मात्र नगर जिल्ह्यात अजून ठाण मांडून आहेत.

तीन शाखांत पाच-पाच लाखांच्या तीन पावत्या केल्या की पंधरा लाख सुरक्षित, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ठेव विमा महामंडळ पावत्या मोजत नाही, ठेवीदार मोजतं. एका बँकेतली बचत, चालू, मुदत ठेव, सगळ्या शाखांतली, व्याज धरून, मिळून ५ लाख. म्हणजे ४ लाख ८० हजारांच्या पावतीवर ४० हजार व्याज चढलं असेल, तर २० हजार विम्याबाहेर. पत्नीच्या एकटीच्या नावावरची ठेव मात्र वेगळी धरतात, दोघांची संयुक्त ठेवही वेगळी.

आणि पतसंस्था? तिला हा विमा नाहीच. पाटीवर ‘अर्बन’ लिहिलं म्हणून ती बँक होत नाही.

परवाना रद्द म्हणजे सगळं बुडालं, हेही खरं नाही. २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळते. त्यासाठी केवायसीसह अर्ज भरून द्यावा लागतो. पाच लाखांवरच्यांची परवड वेगळी. परवाना गेल्यावर नेमलेला अवसायक थकीत कर्जं वसूल करणार, त्यातून आधी विमा महामंडळाचे पैसे फेडणार, मग यांची पाळी.

‘मुदतीआधी मोडली तर नुकसान’ म्हणून पावतीला हात न लावणारे बरेच. कापलं जातं ते व्याजातून, साधारण एखादा टक्का. निर्बंधांनंतर मोडायची सोयच उरत नाही. मोडायची कधी, याची खूण बँकेच्या वार्षिक अहवालात असते: निव्वळ एनपीए, म्हणजे थकीत कर्जांचं प्रमाण, ६ टक्क्यांवर गेला की रिझर्व्ह बँकही डोळे वटारते. आपले सभासद त्या अहवालात लाभांशाचा आकडा तेवढा बघतात आणि बाकीचा रद्दीत घालतात.