स्मार्ट घराची सुरुवात दिव्यापासून नको, गिझरपासून करा

राहुरी-नेवाशाच्या शेतात विहिरीवरची मोटर मोबाईल स्टार्टरने चालू करणं आता नवलाचं राहिलेलं नाही. घरात मात्र 'ऑटोमेशन' म्हटलं की आपण आधी रंगीत स्मार्ट बल्ब आणतो. हिशेब वेगळंच सांगतो. ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. शिवाय भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की स्मार्ट बल्ब मुकाच होतो. नगरच्या थंडीत १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला साधारण वीस मिनिटं पुरतात. पुढे चालू राहिलेला गिझर फक्त निसटणारी उष्णता भरून काढतो.

कुणी म्हणेल, थर्मोस्टॅट आहेच की! तो पाणी जास्त तापू देत नाही, पण दिवसभर गरम ठेवतो. ती वीज स्मार्ट प्लगचा टायमर वाचवतो. दुसरी शंका, लाईट किंवा वायफाय गेलं तर? म्हणून वेळापत्रक स्वतःत साठवणारा, लाईट परत आल्यावर आपोआप चालू न होणारा स्मार्ट प्लग निवडा. तो १६ अँपिअरचाच हवा. १० अँपिअरचा गिझरला लावू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. सोलर असेल, तर हाच प्लग ढगाळ दिवसांत लागणाऱ्या बॅकअप गिझरला लावा. दिव्यांची हौस नंतर करा. पहिला खर्च गिझरवरच करा.