डोळा घडविणारी आज्ञा

गर्भाच्या प्रत्येक पेशींत जनुकांचा सारा ग्रंथ असतो. मग डोळा ठराविक जागींच कां होतो? कोणतें पान कोठें उघडतें, यांत त्याचें उत्तर आहे.

पृष्ठवंशी प्राण्यांच्या भावी मेंदूंत प्रथम एकच नेत्रक्षेत्र असतें. तेथें ‘पॅक्स-६’ हें जनुक इतर जनुकांस कामास लावतें. त्यांतूनच पुढें नेत्रपटल घडतें. ‘सॉनिक हेजहॉग’ हें प्रथिन त्याला मधोमध आवर घालतें, म्हणून डोळे दोन होतात. १९९६ सालीं या प्रथिनावांचून वाढलेल्या उंदराच्या गर्भांत अपुरा असा एकच नेत्र आढळला.

मात्राहि महत्त्वाची. ‘पॅक्स-६’च्या दोन प्रतींपैकीं एक निकामी झाली, तर मनुष्याच्या बालकांत बाहुलीभोंवतालचा रंगीत पडदा बहुधा होतच नाहीं; उंदरांत दोन्ही गेल्या, तर डोळेच होत नाहींत. स्थळ, काळ व प्रमाण साधलें, तरच दृष्टि लाभते.