सहाच्या पाळीची सायकल

पहाटेचे पावणेपाच. रायपूरच्या फाफाडीह चौकात चहावाल्याची शेगडी नुकतीच पेटलेली असते आणि एकेक सायकल उत्तरेकडे निघू लागते. हँडलला जेवणाचा डबा, कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेली बरसाती, गळ्यात गमछा. खमतराई, भनपुरी, रावाभाट्याचे बंजारी मातेचे देऊळ, बिरगाव, धनेली आणि मग सिलतरा. एका बाजूचे अंतर तेरा-चौदा किलोमीटर. सहा वाजायच्या आत कारखान्याच्या फाटकातून आत शिरायचे असते. आता या रस्त्यावर मोटारसायकली पुष्कळ झाल्या, रस्ताही चौपदरी झाला, पण पाळी सुटायच्या वेळी सिलतऱ्याच्या नाक्यावर उभे राहिलात, तर सायकली अजून दिसतात. २०११च्या जनगणनेत देशातल्या दर शंभर घरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती. तिच्याविषयी आपण बोलतो मात्र व्यायाम आणि इंधनबचत यांपुरतेच. रोजीरोटीसाठी बारा महिने सायकल हाणणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात.

मीही त्यांच्यातलाच. घर तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात मराठी माणसांची वस्ती आहे. तिच्यातल्याच एका बेताच्या घरातला मी. १९९६च्या जूनमध्ये सिलतऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. स्कूटर घेण्याची ऐपत नव्हती. वडिलांची बावीस इंची काळी सायकल ओसरीत उभी होती. आई म्हणाली, "पावसाळ्यापुरती तरी बस बघ रे." पण पाळीच्या वेळेला धरून बस नव्हती. मी सायकलला तेल घातले आणि निघालो. पुढे आठ वर्षे त्याच सायकलवर गेलो.

सिलतऱ्यात बहुतेक कारखाने लोखंडाचे. स्पंज आयर्न म्हणजे लोहखनिज न वितळवता, दगडी कोळशाबरोबर फिरत्या भट्टीत भाजून केलेले कच्चे लोखंड. त्याची काळी बारीक धूळ कपड्यांवर, झाडांच्या पानांवर, सायकलच्या साखळीवर, सगळीकडे बसते. ही धूळ पुढे या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पहिला धडा पावसाने दिला. नोकरीला लागून पंधरा दिवसही झाले नव्हते. बिरगावच्या अलीकडे सर आली. समोर एक बैलगाडी आडवी आली म्हणून मी दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकल तशीच पुढे सरकत राहिली. बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर पाय टेकून थांबलो. मागून येणारे एक वयस्क कामगार उतरून हसत म्हणाले, "पानी मा जोर से ब्रेक झन मारबे बाबू, पहिली ले धीरे हो जा." जोरात ब्रेक मारू नकोस, आधीपासूनच वेग कमी कर. आम्ही सारे त्यांना कका म्हणत असू. ते धनेलीच्या पलीकडच्या एका खेड्यातले, पण तेव्हा बिरगावात भाड्याने राहत होते.

ककांच्या सांगण्यामागचे कारण सोपे आहे. जुन्या काळ्या सायकलींचे ब्रेक सळ्यांचे असतात आणि त्यांचे रबर पोलादी रिमच्या आतल्या अंगाला घासते. रिम ओली झाली, की रबर आणि पोलाद यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो. चाकाचे पहिले काही फेरे तो थर पुसण्यातच जातात, खरी पकड नंतर येते. त्यातून रिमवर तेलाचा अंश आणि काळी धूळ असेल, तर विचारूच नका. म्हणून पावसात चौक किंवा गर्दी दिसली, की बऱ्याच आधीपासून ब्रेक हलका धरून ठेवायचा, म्हणजे रिम पुसली जाते. ॲल्युमिनियमच्या रिमची पकड ओल्यात पोलादापेक्षा पुष्कळ चांगली असते. नवी सायकल घेताना लोक रंग आणि गिअर बघतात; रिम कशाची आहे ते विचारत नाहीत.

एका हातात छत्री धरून सायकल चालवणे आपल्याकडे सर्रास चालते. त्यात एक ब्रेक हातातून जातो, आणि ट्रक शेजारून गेला, की हवा छत्रीसकट माणसाला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. छत्री घरी ठेवा. बरसाती घ्या, पण तिचा घेर मागच्या चाकात अडकणार नाही अशी कमरेला बांधा. पायमोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्याबरोबर ठेवावेत आणि कामावर गेल्यावर चढवावेत. ओल्या मोज्यांत आठ तास उभे राहिल्यावर पायांचे काय होते, ते मी पहिल्याच श्रावणात पाहिले.

शहरातून येणाऱ्यांपेक्षा खेड्यांतून येणाऱ्यांचा पावसाळा अधिक कठीण. छत्तीसगढात काळ्या चिकणमातीला 'कन्हार' म्हणतात. विदर्भातल्या वाचकांना ही माती नव्याने सांगायला नको. कन्हारातून सायकल शंभर पावले नेली, की माती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये ठासून भरते, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तिकडून येणारे कामगार कॅरिअरला वीतभर बांबूची काडी खोचून ठेवत, माती उकरायला. काहीजण पावसाळ्याचे तीन महिने मडगार्ड उंच करून बसवून घेत. 'भाठा' म्हणजे मुरमाड माळ. त्याच्यावरून वाट असेल, तर दोन किलोमीटर लांब पडली तरी ती पत्करत. डांबरी सडकेवर कधी न चाललेल्या सायकलविक्रेत्याला हे सुचणार नाही.

उन्हाळ्याचा मारा वेगळा. पहिली पाळी दुपारी दोनला सुटते आणि दुसरीचे लोक एकच्या उन्हात घरून निघतात. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तेव्हापासूनचे नऊ दिवस म्हणजे इकडचा 'नवतपा'. पश्चिमेची झळ आडवी लागते, सायकल एका बाजूला कलती ठेवून चालवावी लागते. खिशात कांदा ठेवला की लू लागत नाही, अशी इकडे समजूत आहे. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. मात्र कामगार घरून जे खाऊन निघतात त्यात शहाणपण आहे : 'बासी', म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, ताकाबरोबर, मिठाबरोबर आणि त्याच कांद्याबरोबर. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते. निघण्याआधी दोन पेले पाणी, वाटेत दर अर्ध्या तासाला थांबून घोट-घोट, डोक्याला आणि कानांना ओला गमछा. आणि डोके गरगरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग तापूनही घाम येईनासा झाला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नये. सावलीत आडवे व्हावे, कपडे भिजवावेत, आणि सोबत्याने दवाखान्यात न्यावे. हा थकवा नसतो, उष्माघात असतो, आणि त्यात माणूस जातो.

ऊन सायकललाही लागते. उभ्या उन्हात ठेवलेल्या सायकलच्या ट्यूबवरचे जुने पंक्चर सुटते, कारण सोल्यूशन मऊ पडते. व्हॉल्व्हची पातळ रबरी नळी उन्हाने चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. माणसाला वाटते पंक्चरच झाले. या नळीचा दोन इंचांचा तुकडा किमतीला अगदी क्षुल्लक, पण तो खिशात नसल्याने मी एकदा रावाभाट्यापासून फाफाडीहपर्यंत पायी आलो आहे. तेलाचेही तसेच. पावसाळ्यात साखळीला आठवड्याला तेल हवे. उन्हाळ्यात थोडेच आणि वरचे पुसून. तेल आणि लोखंडाची धूळ यांचा लगदा झाला, की तो साखळी आणि दाते कानशीसारखा घासून खातो. पूर्ण झाकणाचा चेनकव्हर जुनाट दिसतो म्हणून तरुण मुले काढून टाकतात. सिलतऱ्याला जाणाऱ्याने तो काढू नये.

हिवाळा त्या मानाने सुखाचा, असे मी समजत होतो. १९९९च्या जानेवारीत समज फिटली. पहाटे साडेपाचची वेळ, दाट धुके, त्यात भट्ट्यांचा धूर खाली उतरलेला. कानाला मफलर घट्ट गुंडाळलेला. धनेलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक बंद पडून उभा होता, मागे ना दिवा, ना फांदी, ना दगड. तो मला दिसला तेव्हा मी त्याच्यावर आदळलो होतो. पुढचा चिमटा वाकला, डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

घरी पाहुणेरावळे येऊन ट्रकवाल्याला शिव्या देऊन गेले. पत्नीने शिव्या दिल्या नाहीत. एका संध्याकाळी तिने माझी सायकल अंधाऱ्या अंगणाच्या टोकाला उभी केली, मला पायरीवर बसवले आणि मागून टॉर्चचा झोत टाकला. "अहो, तुम्हाला ट्रक दिसला नाही, हे खरं. पण ट्रकवाल्याला तुम्ही तरी दिसता का?" मागच्या मडगार्डवरची लाल काच दिसत नव्हती. तिच्याखालचा पांढरा पट्टाही नाही. दोन्हींवर तीन वर्षांची काळी धूळ बसली होती. मी सायकलला तेल घालत होतो, तारा आवळून घेत होतो, रिमचा आउट काढून घेत होतो; ती लाल काच पुसायची असते हे मला माहीतच नव्हते. पुढे डायनॅमो होता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण बाटलीच्या आकाराचा तो डायनॅमो ओल्या टायरवर घसरतो, आणि सायकल थांबली की दिवाही विझतो.

हिशेब असा आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे सतरा मीटर कापतो. डिपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस चालकाला पंचवीस-तीस मीटरवर आल्यावर दिसतो. म्हणजे ब्रेकवर पाय जायला त्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. स्वच्छ लाल परावर्तक मात्र शंभर मीटरहून अधिक दुरून चमकतो. पायडलवरच्या पिवळ्या काचा वरखाली होतात, त्यामुळे समोर सायकल आहे, मैलाचा दगड नाही, हेही कळते. आता बॅटरीवर चालणारे लुकलुकते लाल दिवे आले आहेत. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारेही मिळतात. पावसात ते विझत नाहीत. मुलाच्या वाढदिवसाला सायकल घेताना हा दिवा दुकानदाराकडे हट्टाने मागून घ्यावा. आणि धुक्यात कान झाकू नयेत. डोळे मिटल्यासारखेच असतात तेव्हा कानच उपयोगी पडतात.

चौपदरी रस्ता झाल्यापासून एक नवी खोड लागली आहे. दुभाजकाला वळसा पडतो म्हणून पुष्कळजण उलट्या बाजूने सायकल आणतात. वळसा एक किलोमीटरचा, पाच मिनिटांचा. पण उलट्या बाजूने येणाऱ्याच्या मागची लाल काच कितीही स्वच्छ असली, तरी समोरून येणाऱ्याला ती दिसणार कशी? यात मला कामगारांचा जितका दोष दिसतो, तितकाच सायकलस्वाराचा विचार न करता रस्ते आखणाऱ्यांचाही.

कोणती सायकल घ्यावी, असे मला अनेकजण विचारतात. या मैदानात चढ नाहीत. चढ म्हणाल तर रेल्वेचे पूल. रोजच्या पाळीसाठी मी आजही बिनगिअरची, रुंद मडगार्डची, झाकलेल्या साखळीची सायकलच सुचवीन. जाड खाचांच्या टायरची डोंगरी धाटणीची सायकल दिसते रुबाबदार, पण डांबरावर ते टायर पाय ओढतात, आणि उघडे गिअर धुळीने महिन्याभरात कुरकुरू लागतात. हौसेसाठी गोष्ट वेगळी. माझी मुलगी डिसेंबरातल्या रविवारी हलकी गिअरची सायकल घेऊन नवा रायपूरच्या रुंद मोकळ्या रस्त्यांवर जाते, मी मागून माझी काळी सायकल घेऊन. ती वाऱ्याविरुद्ध गिअर उतरवते आणि पुढे निघून जाते. मी घाम पुसत राहतो. तिथे गिअरचा उपयोग मला मान्य आहे.

प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा पाळीला गेलो, तेव्हा धनेलीच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांना अंगणातली गोष्ट सांगितली. लोक हसले. कका हसले नाहीत. कप खाली ठेवून ते उठले, टपरीसमोर ओळीने उभ्या असलेल्या सायकलींच्या मागे गेले आणि गमछाचे टोक ओले करून एकेक लाल काच पुसू लागले. ते निवृत्त होईपर्यंत तो चहाचा थांबा तसाच चालला. जो शेवटी चहा संपवी, त्याने सगळ्यांच्या काचा पुसायच्या. चहाची घाई तेव्हापासून फार वाढली.