सीडी-४ ग्राही प्रथिनाचा वेध घेणारी प्रतिपिंडे : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना : मानवी रक्तातील विविध लसिकापेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात, त्यांची कार्ये मात्र भिन्न असतात. त्यांपैकी साहाय्यक टी-पेशींची ओळख पटविणारी खूण म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी-४ हे ग्राही प्रथिन होय. ही खूण हेरण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचा उपयोग केला जातो.

निर्मिती : १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सीझर मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी आणि अमर्याद वाढणारी अर्बुदपेशी यांचा संकर घडवून आणला. अशा एका संकरित पेशीच्या वंशातून मिळणारे प्रतिपिंड एकाच प्रकारचे असते. म्हणून त्यास एकक्लोनी प्रतिपिंड म्हणतात. याच तंत्राने तयार झालेल्या ओकेटी-४ या प्रतिपिंडाची माहिती १९७९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली.

उपयोग : प्रतिपिंडास प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडून ते रक्तनमुन्यात मिसळतात. फ्लो सायटोमीटरमधील लेसर किरणासमोरून पेशी एकेक करून जातात व चमकणाऱ्या पेशींची नोंद होते. मोनोसाइट पेशींवरही सीडी-४ अल्प प्रमाणात असते. त्यामुळे सीडी-३ ओळखणारे दुसरे प्रतिपिंड सोबत वापरून टी-पेशी वेगळ्या काढतात. एचआयव्ही विषाणू सीडी-४ ला चिकटूनच पेशीत प्रवेश करतो. प्रौढ बाधिताच्या एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी २०० हून कमी आढळल्यास आजार प्रगत अवस्थेत असल्याचे मानले जाते.

मर्यादा : प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन नव्हे, तर त्याचा एक लहानसा भाग ओळखते. काही व्यक्तींच्या सीडी-४ मध्ये एका अमिनो आम्लाच्या आनुवंशिक बदलामुळे ओकेटी-४ ला हवा असलेला भागच नसतो. अशा निरोगी व्यक्तीच्या रक्तातही साहाय्यक पेशी नाहीत, असा भ्रामक निष्कर्ष निघू शकतो. याच प्रथिनाचा अन्य भाग ओळखणारे ओकेटी-४ए वापरल्यास त्याच पेशी स्पष्ट दिसतात.

निष्कर्ष : प्रतिपिंड न चिकटणे म्हणजे प्रथिन नसणे नव्हे. म्हणूनच संशोधन अहवालात केवळ ‘सीडी-४ विरोधी प्रतिपिंड’ असा मोघम उल्लेख न करता क्लोनचे नाव नोंदविणे आवश्यक ठरते. अनपेक्षित निष्कर्ष आढळल्यास दुसऱ्या क्लोनने पडताळणी करणे हेच शास्त्रीय शिस्तीस धरून होय.